भाऊजींनी पाठवलेला टीव्ही

नाशिकरोड,
ता. १८ नोव्हेंबर १९८५

प्रिय मल्हारीभाऊजी यांस,

लताचा सप्रेम जयभीम, वि. वि. तुमचं कार्ड पोचलं. सरोजिनीचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. तिला म्हणावं, मुलुंडच्या त्या धुरात पहाटे पाणी भरायला उघड्या डोक्यानं जात जाऊ नकोस.

इकडची हकिकत काय लिहू? तुमच्या दादांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तुम्ही येऊन गेलात. त्यानंतर पायात थोडी ताकद आली आहे, काठी घेऊन मोरीपर्यंत जातात. उजवा हात मात्र तसाच लोंबता, आणि वाचा नाही. सगळं कळतं, पण तोंडातून ‘बा, बा’ एवढंच निघतं. ते त्यांचं त्यांनाच ऐकवत नाही, म्हणून तेही बंद केलं आहे. डॉक्टर म्हणाले, हाताचे व्यायाम करा, बोलायचा प्रयत्न करा, नाहीतर आहे तेही जाईल. पण हे भिंतीकडे तोंड करून पडतात. काल मी चेंडू हातात दिला तर डाव्या हातानं कोपऱ्यात फेकला.

रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंदच आहे. लष्करात बिनतारी यंत्रं सांभाळलेला माणूस, इथं वीस वर्षं गावभराचे रेडिओ बोलते केले, आणि आता घरातला रेडिओ लावला तरी हात करून बंद करायला सांगतात. भाऊजी, मी रडत नाही, पण एकटी पडले आहे. जमलं तर दोन दिवस येऊन जा.

तुमच्या दोघांच्या मायेवरच उभी असलेली,
लता

०

मुलुंड,
ता. २७ नोव्हेंबर १९८५

आदरणीय लतावहिनींस,

मल्हारीचा सविनय जयभीम. सरोजिनी पत्र मोठ्यानं वाचायला लागली आणि मध्येच थांबली. मग उरलेलं मी वाचलं.

रजा लगेच मिळत नाही, पण एक वस्तू पाठवतो आहे. आमचा जुना टीव्ही, तो लाकडी शटरचा, चार पायांचा. चौऱ्याहत्तर साली घेतला तेव्हा सगळी चाळ आमच्या घरात मावायची. तीन वर्षं झाली, मुका होऊन बसला आहे. इथल्या दुकानदारानं मागचं झाकण उघडलं, आतले बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह बघितले आणि म्हणाला, आता हे कोण करतं, नवीन घ्या. सरोजिनी त्यावर पापड वाळवते.

तुमच्याकडे आता टीव्ही दिसायला लागला असं ऐकतो. दादाला सांगा, मल्हारीला हा दुरुस्त करून हवा आहे. दया म्हणून नाही, खरंच हवा आहे. वहिनी, दादा मला खांद्यावर बसवून शाळेत घालायला घेऊन गेला होता. पुढं तो पलटणीत गेला आणि तिथून येणाऱ्या पैशांवर मी मॅट्रिक झालो. त्याला आता काही मागितलं नाही, तर त्याला वाटेल की मी त्याला संपलेला धरला.

तुमचा शेजारी झुंबर कांद्याची गाडी घेऊन वाशीला येतो ना, त्याच्या परतीच्या गाडीत चढवतो.

तुम्ही धीर धरून आहात, तसाच आमच्यावर जीव धरून असा.
आपला,
मल्हारी

०

नाशिकरोड,
ता. २२ डिसेंबर १९८५

प्रिय मल्हारीभाऊजी यांस,

सप्रेम जयभीम, वि. वि. टीव्ही सुखरूप आला. झुंबरनं तो गोणपाटात गुंडाळून पोराबाळासारखा उचलून आणला आणि म्हणाला, ‘वहिनी, लय जपून आणलाय, पन कांद्याचा वास काय लवकर जायचा नाय.’ खरंच जात नाही.

तुमचा निरोप सांगितला. यांनी एकदा टीव्हीकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं. आठ दिवस तो तसाच खोलीत. येता-जाता माझ्या पायाला लागायचा. शेवटी मला राग आला, तुमचाही आणि यांचाही. स्क्रूड्रायव्हरनं मागचे स्क्रू काढले, झाकण उतरवलं. आत बोटभर धूळ, कोळ्याची जाळी. मी बादलीत फडकं भिजवलं, पिळलं आणि आत घालणार, तोच पलंगावर काठी आपटल्याचा आवाज. मी लक्ष दिलं नाही. मग काठी जोरजोरात. वळून बघते तर हे उठून बसलेले, तोंड लाल, आणि डाव्या हातानं अशी काही खूण करत होते की जणू ओल्या फडक्यासकट मला घराबाहेर काढतील!

मी मुद्दाम विचारलं, मग कशानं पुसू? त्यांनी बोट दाखवलं, फळीवरच्या रंगाच्या कोरड्या ब्रशकडं.

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही दोघं त्या पेटीसमोर बसतो. हात माझे, डोकं त्यांचं. ते स्वेटरच्या सुईनं जागा दाखवतात. बरोबर असलं की एकदा टकटक, चुकलं की दोनदा. पहिल्या दिवशी दोनदाचंच काम जास्त होतं. मला व्हॉल्व्ह काढायला शिकवलं, सरळ वर, न हलवता. झाकणाच्या आतल्या बाजूला सगळ्या जोडण्यांचा नकाशा चिकटवलेला आहे, तो ते तासन्‌तास बघतात. जेवायला हाक मारावी लागते. भाऊजी, जेवायला हाक मारावी लागते!

बटण दाबलं तर एकही व्हॉल्व्ह पेटला नाही. मला वाटलं, सगळेच गेले. यांनी मीटर आणायला लावला. सगळे एका माळेत आहेत, एक गेला की सारे विझतात, हे मला त्यांनी माझ्याच गळ्यातली पोत ओढून समजावलं. मी एकेकाला मीटर लावत गेले. एकावर काटा हललाच नाही. त्याचा नंबर खाली लिहिला आहे. कंडेन्सरही चार सुकले आहेत. तुमच्या मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील असं ते ओठांनी सांगतात. आवाज नाही, पण ओठ हलवतात.

तुमच्यावर रागावले होते, तो राग परत घेते.
तुमची,
लतावहिनी

०

मुलुंड,
ता. ११ जानेवारी १९८६

आदरणीय वहिनींस,

सविनय जयभीम. सामान झुंबरबरोबर पाठवलं आहे. व्हॉल्व्ह कापसात आहे. दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी नंबर वाचून विचारलं, हे कोण दुरुस्त करतंय? मी सांगितलं, माझे भाऊ आणि वहिनी. ते म्हणाले, त्यांना माझा नमस्कार सांगा. तो सांगितला असं समजा.

सरोजिनी विचारते, कंडेन्सर बसवायला सोल्डरिंगही तुम्हीच करणार? ती तर टॉर्चचे सेलही मला घालायला सांगते. आणि पापड आता कशावर वाळवायचे, असंही विचारते.

एक विनंती. दादा बसतो कसा, चिडतो कसा, सगळं लिहा. मी ऑफिसात पुन्हा पुन्हा वाचतो.

तुमचा,
मल्हारी

०

नाशिकरोड,
ता. ९ फेब्रुवारी १९८६

प्रिय मल्हारीभाऊजी यांस,

सप्रेम जयभीम, वि. वि.

कंडेन्सर मीच बसवले. सोल्डरिंगचा, म्हणजे कथलाचा डाग कसा द्यायचा हे शिकताना दोन बोटं भाजली. आधी माझे डाग म्हणजे मेणबत्तीचे ओघळ. हे सुईनं टोचून पुन्हा करायला लावायचे. पुढं पुढं जमायला लागलं. तुम्ही पाठवलेला व्हॉल्व्ह लावला, बटण दाबलं आणि एकामागून एक सगळे नारिंगी लागले. मी टाळ्या वाजवल्या. आवाज आला, आणि पडद्यावर मध्यभागी एकच पांढरी आडवी रेघ. चित्र नाही, नुसती रेघ. यांनी मान हलवली, कारण ओळखलं होतं. बंद कर, अशी हातानं खूण केली. मी बंद केला, प्लगही काढला.

प्लग काढल्यावर कसली भीती, असं मला वाटलं. पिक्चर ट्यूबच्या बाजूला रबरी टोपी आहे, तिच्याभोवती धूळ राहिली होती. ती पुसायला मी बोट पुढं केलं, आणि मागून मोठा आवाज आला, ‘लता! हात!’

मी हात मागं घेतला. खोलीत दुसरं कुणी आहे का म्हणून दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं. हेच होते. खुर्चीतून अर्धे उठलेले, घामाघूम. बंद केल्यावरही त्या नळीत वीज साठून राहते, मोठा धक्का बसतो, हे त्यांनी मला आधी खुणेनं बजावलं होतं आणि मी विसरले होते.

मी खाली जमिनीवरच बसले. मला हसू येत होतं की रडू, कळेना. म्हटलं, पुन्हा म्हणा. पुष्कळ प्रयत्न केला, पण नाही आलं. त्या दिवशी नाही, पुढचे कितीतरी दिवस नाही. पण परवा न सांगता चेंडू घेऊन बसले आणि उजव्या हाताची बोटं मिटायला लागले. काल सकाळी चहा देताना हळूच ‘लता’ म्हणाले. ‘ल’ जरा जड होता.

भाऊजी, तुमचे उपकार म्हणणार नाही, तुम्ही रागवाल. पण आठ महिन्यांनी मला कुणी नावानं हाक मारली.

रेघेसाठी लागणाऱ्या व्हॉल्व्हचा नंबर पाठीमागं लिहिला आहे. दोन आणा, आणि या वेळी स्वतः आणा.

वाट बघणारी,
लता

०

नाशिकरोड,
ता. १६ मार्च १९८६

प्रिय मल्हारीभाऊजी आणि सरोजिनी यांस,

सप्रेम जयभीम, वि. वि. तुम्ही दोघं येऊन गेलात, घर अजून भरल्यासारखं वाटतं. तुम्ही आणलेल्या व्हॉल्व्हनं रेघेचं चित्र झालं होतंच, तुमची बस सुटली त्याच संध्याकाळी पडद्याच्या खाली उरलेली काळी पट्टीही गेली. झुंबर पत्र्यावर चढून अँटेना फिरवत होता, मी दारातून ओरडत होते आणि शेजारच्या वत्सलाबाई मधे उभ्या राहून माझं ओरडणं त्याला पुन्हा ओरडून सांगत होत्या. हिंदी बातम्या देणारी बाई अगदी केसांच्या भांगासकट दिसली. सगळी गल्ली आत येऊन बसली. हे टीव्हीकडं बघत नव्हते, लोकांच्या तोंडाकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई त्यांचा बंद रेडिओ घेऊन आल्या. आता दुपारी दुकान उघडतो. हे खुर्चीवर, मी टेबलाशी. शब्द थोडे आले आहेत, ‘हो’, ‘नको’, ‘इथं’, ‘गाढव’. शेवटचा माझ्यासाठी नाही, झुंबरसाठी आहे.

तुमचा टीव्ही तयार आहे, केव्हा पाठवू ते कळवा. खाली यांनी स्वतः लिहायचा हट्ट धरला आहे. मी बघायचं नाही, अशी ताकीद आहे, म्हणून इथंच थांबते. तुम्ही दोघं कायम आमची राहा.

तुमची,
लता

चि. मल्हारी,

जयभीम. डाव्या हाताने लिहितो. हसू नको.

टीव्ही इथेच राहू दे. तुला नवा घे. तू मला काम दिलेस. बरे केलेस.

दुकानाच्या पाटीवर एकट्याचे नाव आहे. रंगारी बघ. सावळीराम व लता गांगुर्डे असे घालायचे. हिला विचारू नको. नको म्हणेल.

हिचे कथलाचे डाग माझ्यापेक्षा सुबक. बोलून सांगायला अजून वेळ लागेल. म्हणून लिहिले. पत्र पेटीत टाकायला हीच जाणार. वाटेत उघडून वाचेल.

वाचू दे.

तुझा दादा,
सावळीराम