व्हर्लिनला नाव मिळालं

बर्बँक, ६ ऑक्टोबर

प्रिय एम्मेटदादा,

आर्लोचा मनापासून नमस्कार. गुडघा कसा आहे? तुझ्या बियाण्यांच्या दुकानातल्या मांजरीला पुन्हा पिल्लं झाली का? तुमच्या नेब्रास्कात आता मका कापून शेतं मोकळी झाली असतील. इथे कॅलिफोर्नियात झाडांना पानगळ माहीतच नाही, त्यामुळे कविता सुचत नाही.

तुझ्या भावाविषयी लिहितोय, पत्र फाडू नकोस. आईच्या अंत्यविधीला व्हर्लिन आला नाही म्हणून नऊ वर्षं तू त्याच्याशी बोलला नाहीस. (त्या दिवशी तो एका मालिकेत पाद्री होऊन परक्या शवपेटीपुढे प्रार्थना म्हणत होता, सुट्टी मिळाली नाही. प्रसंग पहिल्याच वेळी दिग्दर्शकाला पसंत पडला. त्याचा आवाज का कापतोय, हे कोणी विचारलं नाही.)

शाळेतली वादळाची कविता आठवते? मी मधोमध उभा राहून बारा कडवी म्हटली, मागे व्हर्लिन झाड झाला होता, आणि सगळं गाव झाडाकडे बघत होतं. शेहेचाळीस वर्षं तो तेच करतोय. न्यायाधीश, डॉक्टर, खानावळीचा मालक. नायकाला वाईट बातमी द्यायची असली की याला बोलावतात. दोन मिनिटं येतो, पण नायकाचा चेहरा विसरतो मी, याचा नाही. लोक त्याला रस्त्यात ओळखतात, फक्त कोण म्हणून ते आठवत नाही. परवा एका बाईंनी त्याला आपला जुना दंतवैद्य समजून दाढेचं सगळं दुखणं सांगितलं. हा शांतपणे म्हणाला, "गार पाणी टाळा."

मंगळवारी औषधाच्या दुकानात जमिनीवर रांगेसाठी चिकटपट्टी लावलेली होती. चित्रीकरणात नटाने उभं राहायची जागा तशाच पट्टीने दाखवतात. हा त्यावर नेमका उभा राहिला, उजेडाकडे तोंड किंचित वळवलं आणि थांबला. मागे सहा माणसं.

"आजोबा, औषध हवंय की नुसतं उभं राहायचंय?" काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"तुम्ही सांगाल तसं," व्हर्लिन म्हणाला.

तुझा बारा कडवीवाला,
आर्लो

ता. क. गुरुवारी आठ वाजता टीव्ही लाव. त्याला पहिल्यांदाच नाव असलेलं पात्र मिळालंय, तुझ्यासारखाच पशुखाद्य-बियाण्यांचा दुकानदार. दिग्दर्शक म्हणाला, नाव तुम्हीच सुचवा. त्याने 'एम्मेट' सुचवलं. शेवटी नटांची नावं येतात त्यात दिसेल. मग त्याला फोन कर. मी लिहिल्याचं सांगू नकोस.

दुसरा ता. क. एम्मेट अडतिसाव्या मिनिटाला मरतो, मनावर घेऊ नकोस. पण फोन त्यानंतरच कर. पडद्यावर स्वतः मरत असताना कोणी मध्ये बोललेलं व्हर्लिनला खपत नाही.