खाचा तशाच राहतील

मी, कर्स्टन हाउगेन, वय चोवीस, राहणार डुलुथ, मिनेसोटा. उद्या सकाळी सात वाजता माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोकं एकदम ठिकाणावर आहे, कोणाचाही दबाव नाही. नर्स म्हणाली, "उद्या शुद्धीवर आल्यावर लिही की गं." नाही, मृत्युपत्र आजच लिहिते.

१. सायकल आणि लेझर कटर भाऊ नील्सला. कटरवर ब्रेड भाजायचा नाही, नील्स. एकदा झालंय.

२. मी बनवलेला 'नदीकाठ' हा टाइल जोडायचा खेळ, सगळ्या हक्कांसह, ओडेसा विल्क्सला. तिला दिसत नाही. नदीला एक खाच, जंगलाला दोन, रस्त्याला तीन, अशा टाइलच्या कडा मी तिच्यासाठीच कापल्या. बोटांनी पट वाचून ती मला कोंडीत पकडायची आणि हसायची, "कर्स्टे, तुझी नदी मेली बघ!"

३. टाइल न बघता पिशवीतून काढायची असते; पण आत हात घातला की खाचा कोणालाही कळतात, हे मात्र मला सुचलंच नाही. एप्रिलच्या क्लबच्या स्पर्धेत ओडेसा सगळे डाव जिंकत माझ्याविरुद्ध फायनलला आली. शेवटची टाइल काढताना माझ्या बोटाला एकच खाच लागली. मी नदी ओळखून काढली. दोन पॉइंटने जिंकले.

नंतर क्लबचा रुपर्ट लिंड तिला म्हणाला, "फायनलपर्यंत कशी आलीस ते कळलं. पिशवीत चाचपून!"

"हाताला येईल ती पहिली टाइल उचलते मी. कर्स्टनला विचार ना!"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी गप्प बसले. क्लबने तिचं नाव यादीतून काढून टाकलं. आता खेळ छापणारा प्रकाशक म्हणतो, खाचाच काढून टाका. आज ओडेसाला चार फोन केले. उचलत नाही.

४. चीटिंग मी केली, तिने नाही. चषक तिचा. खाचा काढून खेळ छापायला माझी परवानगी नाही. पिशवी बंद. सगळ्या टाइल उघड्या, एका लांब रांगेत. उचलायची ती फक्त दोन टोकांवरून. चाचपायचं तर सगळ्यांनी खुशाल चाचपा. काल बेडवर सतरा डाव खेळून बघितले. हे जास्त अवघड आहे, आणि भारी आहे!

५. मी वाचले तरी कलम चार लागू.

सही: कर्स्टन हाउगेन
सेंट अॅग्नेस वॉर्ड, डुलुथ, ९ ऑक्टोबर २०२४

साक्षीदार: १. जोनेल पिरी, नर्स

२. रुपर्ट लिंड. कर्स्टनने समोर बसवून हे दोनदा वाचायला लावलं. ओडेसाच्या घरी आत्ताच जातोय.