सात कंदांचा निचरा

१४ मे
वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो. रविवारी पत्नीने घासलेले पेले मी पाहुण्यांदेखत पुन्हा विसळले. पाहुणे गेल्यावर तिने बॅग भरली. सोमवारी सकाळी सोनटक्क्याचे सात कंद वर्तमानपत्रावर मांडून ती म्हणाली, "सगळं तुम्हालाच नीट जमतं ना? मग हे फुलवून दाखवा. फुलला की कळवा, येईन." आणि मुलीकडे निघून गेली.
अट रास्त आहे. किंबहुना फारच सोपी. चौतीस वर्षे जलनिःसारण शिकवलेल्या प्राध्यापकाला हा डाव्या हातचा मळ.

१९ मे
वाफा सिद्ध. दीड फूट उंच; तळाशी विटांचे तुकडे, वर खडी, वाळू, शेवटी चाळलेली माती. सातही कंद समान अंतरावर. बादलीभर पाणी ओतले — चार मिनिटांत वाफा कोरडा.
शेजारचे निवृत्त कंपाउंडर कुंपणावरून म्हणाले, "सर, झाड लावताय की धावपट्टी बांधताय?" अडाण्यांशी वाद नको, म्हणून त्यांना फक्त उताराची आकृती समजावली. पाऊण तास.

७ जून
कोंब: शून्य.

२ जुलै
पाच कोंब, वीतभर. पानांच्या कडा करपलेल्या. दोन वेळा पाणी देतो. ते माझ्याच हुकमाने निघून जाते. कंपाउंडर म्हणाले, "अहो, ओढ्याकाठचं झाड ते. त्याला पाय ओले लागतात."
पुस्तक उघडले. कंपाउंडर बरोबर आहेत. (हे वाक्य लिहायला दहा मिनिटे लागली.)
वाफा मोडायला हवा. पण इतका निर्दोष वाफा मी उभ्या आयुष्यात बांधला नव्हता. आणखी आठवडाभर पाहू.

२८ जुलै
आठवडाभराचे जवळजवळ चार आठवडे झाले. मुलीचा फोन. "बाबा, सरळ चुकलं म्हणा ना." मी म्हणालो, अट फुलाची आहे, माफीची नाही. मागून पत्नीचा आवाज: "तब्येत कशी आहे विचार." माझी की झाडाची, हे विचारण्याचे धैर्य झाले नाही.

१६ ऑगस्ट
शेवटचा कोंब वाळला.
पेले घासले. मग पुन्हा घासले. पहिल्या खेपेलाही घासणारा मीच होतो, हे उशिरा ध्यानात आले. घरात नावे ठेवायला आता मीच उरलो आहे.

४ सप्टेंबर
सकाळी स्वयंपाकघरात सुगंध. माग काढत मोरीमागे गेलो. तिथला पाइप सांध्यात गळतो. पत्नी बारा वर्षे सांगते आहे. मी बारा वर्षे आराखडा करतो आहे. त्या चिखलात छातीइतका उंच सोनटक्का — चार पांढरी फुले. मी तर सातही कंद वाफ्यात लावले होते. हा आला कुठून?
तिला तत्काळ पत्र टाकले: "सोनटक्का फुलला. ये." विधानात एकही चूक नाही. म्हणूनच शरम वाटते आहे.

११ सप्टेंबर
तिचे उत्तर, जसेच्या तसे:
"कुठला फुलला? वाफ्यातला, की निघताना मोरीमागे मी पुरला तो आठवा कंद? मोरीमागचा असेल, तर तो पाइप आता दुरुस्त करू नका. खरं काय ते लेखी कळवा. फोनवर तुम्ही व्याख्यान देता. पत्र मिळालं की तिकीट काढते."