स्कॅन करून अगत्य यावे

३ मार्च
कारखान्यात टॉवेलच्या गठ्ठ्यांवर आता क्यूआर कोड लावायचे. साहेबांनी डिस्पॅचमधून मलाच ट्रेनिंगला बसवलं. पूर्ण दोन तास. अक्कलकोट रोड एमआयडीसीत या विषयात माझ्या तोडीचा दुसरा माणूस नसावा. संकल्प: घर कोडवर आणायचं. मसाल्याच्या नऊ डब्यांच्या झाकणांवर चिकटवले. मोबाईल धरला की आत काय आहे ते कळतं. ईरम्मा म्हणाली, झाकण काढलं तरी कळतंय की. तीस वर्षांच्या संसारात या बाईला दूरदृष्टी आली नाही.

६ मार्च
आमटीत हळदीऐवजी सुंठ पडली. झाकणं सगळी एकाच मापाची, अदलाबदल होणारच. कोडचा काही दोष नाही.

९ मार्च
आमच्या लेकीचं, महेश्वरीचं लग्न वीस एप्रिलला. ईरम्माचा एकच धोशा: अक्कलकोटला जावा, अक्कांच्या हातात अक्षत ठेवा, चुकलो म्हना.

चंद्रव्वा अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, पुढं तिनंच वाढवलं. मुलाच्या, प्रभूच्या लग्नाची पत्रिका मी दाजींच्या व्हॉट्सॲपवर टाकली, दोनशे जणांबरोबर एकदम. अक्षत देऊन बोलवायला घरी गेलो नाही. ती आली नाही. तीन वर्षं बोलणं बंद. आमच्यात पहिली हळद आत्याच्या हातची. ती यायलाच हवी, तिच्याशिवाय मला मांडवात उभं राहवणार नाही.

पण समोर गेलो की माझं तोंड उघडत नाही. म्हणजे जाण्यात अर्थ नाही. मागच्या वेळी व्हॉट्सॲपनं घात केला, या वेळी तंत्रज्ञान बदलायचं.

१३ मार्च
सुचलं! टॉवेलच्या विणीतच कोड. दाजींनी मोबाईल धरायचा, की माझा आवाज: अक्का, चुकलो, ये. आहेरही झाला, माफीही झाली. मागावरच्या संगप्पाला डिझाईन दिलं. तो म्हणाला, शिवलिंगप्पा, बसनं तासात पोचतावं की. प्रत्येक शोधाला असा एक माणूस भेटतोच.

१७ मार्च
रेकॉर्डिंग. चौदा वेळा. ‘चुकलो’ आलं की मीच रेकॉर्डिंग बंद करतो. शेवटी जमलं, फक्त मागे यंत्रमागांची खडखड आली आहे. भाव पोचतो.

२६ मार्च
टॉवेल तयार. टर्किश असल्यामुळे कोडवर फुगीर धागे. दोघांनी चारी कोपरे ताणले, वरून इस्त्री फिरवली, की लगेच स्कॅन होतो. तशी चिठ्ठी जोडून अक्कलकोटला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर धाडला.

४ एप्रिल
कोड किती जणांनी पाहिला ते मोबाईलवर दिसतं. शून्य. अक्का शुभदिवस बघत असेल.

९ एप्रिल
एक! अक्कानं ऐकलं. ईरम्माला सांगताना डोळे भरून आले.

९ एप्रिल, दुपार
तो एक मीच. सकाळी घरातला नमुना तपासला होता.

१४ एप्रिल
शेवटी अक्कलकोट. ईरम्मा अक्षतांची पुडी देत होती, घेतली नाही. दोन्ही केलं तर टॉवेलचा अपमान.

अक्का थकली आहे. केस पांढरे झालेत. टॉवेल दोरीवर वाळत होता. म्हणाली, चांगला हाय, पाणी लई ओढतो. मी दाजींना एक बाजू धरायला लावली, दुसरी मी धरली, मग मोबाईल धरायला हात उरला नाही. तो अक्कानं धरला. काही उमटलं नाही. गरम पाण्यात धुतल्यानं कोड एका अंगाला ओढला गेलाय. अर्धा तास तिघांची खटपट चालली. मग तिनं मोबाईल खाली ठेवला आणि माझ्याकडं बघत म्हणाली, ह्यात काय हाय ते तोंडानं सांग की.

मी म्हणालो, टर्किश टॉवेल थंड पाण्यात धुवायचा असतो.

ती बरं म्हणाली. चहा दिला. परतीच्या बसमध्ये ‘चुकलो’ तीनदा म्हणून बघितलं, स्पष्ट आलं.

१७ एप्रिल
अजून तीन दिवस आहेत. उद्या जाईन.

१८ एप्रिल
मांडववाला यायचा होता.

१९ एप्रिल
हळद. मुहूर्त पाऊण तास थांबवला. गल्लीत रिक्षा थांबली की मी दाराशी. शेवटी शेजारच्या मायाक्कांनी पहिली हळद लावली. महेश्वरी हळदीच्या अंगानं माझ्यापाशी आली. विचारलं, अप्पा, आत्याला बोलावलंच न्हाई का तुमी?

नाही, म्हणालो.