बर्फाच्या कारखान्याचं सील

ता. ३ मे

चि. छोटीस,
अ. उ. आ.

तुझ्या आठवड्याच्या तक्त्याने माझा कारखाना बंद पाडला. कॉलऱ्याचे अकरा रोगी, आणि कारणाच्या रकान्यात ‘बर्फ’! लगेच सील. दवाखान्याची नर्स झालीस म्हणून सख्ख्या भावाच्या पोटावर पाय? लहानपणी मांजरालाही पंजे धुवायला लावायचीस, तेव्हाच ओळखायला हवं होतं. सोमवारी नवा तक्ता पाठव, रोगी शून्य. कामगार भडकलेत, मला आवरत नाहीत. वहिनी तुझी आठवण काढते.

लोभ ठेव, हट्ट सोड.
तुझा दादा

ता. ६ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस. काल तुझे तिघे आले, बर्फ ओढायचे आकडे घेऊन. रजिस्टर फाडायला लागले. मी ते धरून ठेवलं तर उजव्या हातावर आकडा घातला. दोन बोटं मोडली. सलाइनच्या बाटल्या भिंतीवर आपटल्या, पोरांच्या हातातल्या सुया उपटल्या. मधे पडलेल्या कंपाउंडरचं डोकं फोडलं. आज सकाळी तो गेला रे. फरशीवरचं रक्त मीच पुसलं.

रोग येऊ नये, आला तर लवकर कळावा, कळला तर माणूस वाचावा, एवढंच माझं काम. तू नाल्याचं पाणी गोठवून विकलंस, मी कळवलं तर माणसं अंगावर घातलीस, वर वाचवायच्या बाटल्याही फोडल्यास. तक्ता बदलणार नाही.

लोभ कोणत्या तोंडाने मागू, तूच सांग.
छोटी

ता. ७ मे

चि. छोटीस,
आशीर्वाद.

शपथ घेतो, फक्त दम द्यायला धाडलं होतं. पोलीस शोधताहेत म्हणून मी घरी नाही. ही चिठ्ठी आणणारा ड्रायव्हर सांगतो, वहिनीचे जुलाब पहाटेपासून थांबत नाहीत. सील तोडून मागल्या दाराने बर्फ काढला होता, त्यातलाच घरी गेला. हव्या तेवढ्या शिव्या दे, पण सलाइन घेऊन धाव. पाया पडतो तुझ्या.

दादा

ता. ९ मे

ती. दादास,
सा. न.

दवाखान्यात एकही बाटली शिल्लक नव्हती. वहिनीला गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेलं. वाटेत नाडी लागेना, मी रडत रडत तिला थापडा मारत होते. वाचली.

शुद्धीवर आल्यावर तिने कंपाउंडरचं विचारलं, मी सांगितलं. मग ती म्हणाली, तू त्या तिघांना धाडताना ती दाराआड उभी होती. छोटीचा लिहिता हात मोडून या, असं तू त्यांना बजावलंस. उद्या ती पोलिसांत तशी जबानी देणार आहे. मी तिला अडवणार नाही.

तिच्याआधी तू जाऊन उभा राहा, दादा. अजून लोभ आहे, म्हणून सांगतेय.

छोटी