बंद झालेलं फाटक

मंगळवार, संध्याकाळ. गुढियारी

ओव्हरब्रिज सुरू झाला अन् खालचं रेल्वे फाटक कायमचं बंद. पूल पाहिजेच होता. अ‍ॅम्ब्युलन्स अडकलेली मीही पाहिली आहे. मग मले काहून करमत नाही?

फाटक पडलं की सगळे इंजिन बंद करायचे. निळ्या स्कूटीवरची सुजाता माझ्या गाडीच्या बाजूले थांबायची, म्हणायची, "काय रे, आजही रिकामाच फिरून राहिला?"

आज ती पुलावर दिसली. मी हात केला, तिनं हॉर्न दिला. मागून ट्रक, वर थांबता कुठं येते? थांबायले जागा ठेवा, असा अर्ज कोणाले करावा?

पूल उतरून गाडी जुन्या फाटकापाशी नेली. मालगाडी आली, चांगली लांब. सवयीनं इंजिन बंद केलं. बाजूले निळी स्कूटी मावेल एवढी जागा सोडून उभा होतो.