कुत्र्याला सीट, आईला हौदा

पेणकरपाडा, मीरा रोड

चि. जितेशला ताईचा आशीर्वाद, मला तुझा राग आला असला तरी.

आम्ही बरे आहोत. दाजींच्या पिकअपला भाडी मिळतायत. काल मीही सोबत गेले, एक वासराएवढा कुत्रा तारोडीला पोचवायला. त्याचा मालक दीडशहाणा! म्हणे, "मागे हौद्यात बांधा, हवा खाईल." मी म्हटलं, "वळणावर उडी मारली तर फास बसेल त्याला." मग केबिनमध्ये मागच्या सीटवर गादी घातली, गळ्याऐवजी छातीला पट्टा बांधला, वाटेत थांबून पाणी पाजलं. स्वारी घोरत गेली.

आणि तू? आईच्या पायाचं प्लास्टर काढून रत्नागिरीहून तुझ्या टेम्पोतून आणताना पुढची सीट तुझ्या सासऱ्यांना दिलीस, मान म्हणून. आईला मागे हौद्यात, सिमेंटच्या गोण्यांवर! मोठा आलाय मान राखणारा. ती फोनवर म्हणते, "छान वारा लागला गं." तिची कंबर कशी आहे, खरं सांग. झोप लागते का तिला?

रविवारी दाजी तिला इकडे आणायला येतायत. ती पुढे बसेल. सासऱ्यांना यायचं असेल तर हौदा रिकामा आहे. छान वारा लागतो.

तुझी ताई,
संचिता